भिंतीवरचा शेवटचा कप्पा

रजा काढून उमरेडला लेकीकडे गेलो होतो. पानं वाढून झाली होती, इतक्यात खालच्या औषधाच्या दुकानातला माणूस जिन्यातून ओरडला, "जोशीकाका, नागपूरहून फोन हाये!" टपाल खात्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला फोनचं भयच वाटतं. चांगल्या बातमीला घाई नसते, ती सावकाश पत्रातून येते. खाली जाऊन रिसीव्हर कानाला लावला. ऑफिसातला एक सहकारी बोलत होता. "भोयर गेले," तो म्हणाला. "सकाळी टपाल लावता लावता खाली बसले... दवाखान्यात नेईपर्यंत..." पुढचं मला ऐकू आलं नाही, की मी ऐकलंच नाही, कोण जाणे. मिळेल त्या एस.टी.नं निघालो. खरं सांगायचं तर त्या खिडकीशी बसून मी भोयरसाठी रडलो नाही. ते नंतर झालं. वाटेत डोक्यात एकच प्रश्न होता, शालूला आता कोण सांगणार?

शालू ही नामदेव भोयरची एकुलती एक मुलगी. आज विशीची आहे. अंगानं आईसारखी, ताठ, केस घट्ट विंचरलेले. पण ती आपल्याशी बोलत नाही. आपण काही बोललो तर आपलेच शब्द आपल्याच सुरात, आपल्याकडे न बघता परत करते. "जेवलीस का?" म्हटलं की "जेवलीस का?" म्हणते. बाबा देवाघरी गेले असं तिला सांगितलं असतं, तर तिनं तेही शब्द जसेच्या तसे आमच्या हातात ठेवले असते. तिला कळेल असं काही सांगण्याची रीत ज्यानं शोधून काढली होती, तोच माणूस गेला होता.

मी नोकरीला लागलो तेव्हा रेल्वे टपालाच्या सॉर्टिंगमध्ये मला भोयरच्या हाताखाली दिलं होतं. भिंतभर लाकडी मांडणी, तिला ओळीनं लहान लहान कप्पे, प्रत्येक कप्प्यावर एका गावाचं लेबल. समोर उभं राहायचं आणि पत्र ज्या गावचं असेल त्या कप्प्यात टाकायचं, एवढंच आमचं काम. भोयर माझ्याहून चारच वर्षांनी मोठा, पण हात असा चाले की बघत राहावं. पहिल्याच दिवशी मी एक पोस्टकार्ड उलटून वाचत होतो. कुणा सासऱ्यानं जावयाची खरडपट्टी काढली होती, मजकूर मोठा रंगतदार होता. भोयरनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. "पत्ता वाच गा. मजकूर वाचला तं तू सॉर्टर नाही, चोर हायेस." मला भयंकर राग आला. मी मॅट्रिक, हा सातवी पास, आणि हा मला चोर म्हणतो! त्याच आठवड्यात माझ्या हातून वरोऱ्याचं पत्र वरुडच्या कप्प्यात पडलं. मी म्हटलं, येईल फिरून दोन दिवसांत, त्यात काय एवढं. तो काम थांबवून माझ्याकडे वळला. "तुह्यासाठी दोन दिवस. तिकडं कोणी दारात उभं राहून वाट पाहून राहिलं असन, त्याचं काय?" हे वाक्य मी तेव्हा गंमत म्हणून बायकोला सांगितलं होतं.

शालू तीन वर्षांची होईपर्यंत घरात सगळ्यांना वाटायचं, मूल शांत आहे. मग ती शांत राहिली नाही. डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत ती तासन् तास बसायची आणि झाकण उचललं की किंचाळायची. रोजचा क्रम जरा बदलला, पाहुणे आले, आंघोळ उशिरा झाली, की स्वतःचं मनगट चावायची, रक्त येईपर्यंत. भोयर आणि कमलवहिनींनी तिला घेऊन नागपुरातल्या धंतोलीतले दवाखाने पालथे घातले. कुणी कान तपासले, कुणी टॉनिक दिलं, कुणी म्हणालं मोठी झाली की सुधारेल. मीही एक ताईत आणून दिला होता. भोयरनं तो निमूटपणे खिशात टाकला आणि पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही. मंदबुद्धी मुलांच्या एका शाळेनं तिला दोन दिवस ठेवून घेतलं. तिथल्या बाई चांगल्या होत्या, तिसऱ्या दिवशी हात जोडून म्हणाल्या, "हिला येतं ते आमच्यापैकी कुणालाच येत नाही, आणि आमच्या सगळ्यांना येतं ते हिला येत नाही. ही आमच्यातली नव्हे." मग कुणीतरी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरचं नाव सांगितलं. त्यांनी तासभर शालूला पाहिलं आणि कागदाच्या चिठ्ठीवर इंग्रजीत एक शब्द लिहून दिला, ऑटिझम. भोयरनं विचारलं, मराठीत याले काय म्हणतात? डॉक्टर म्हणाले, मराठीत नाही अजून. आणि मग वहिनींकडे वळून त्यांनी विचारलं, ही तान्ही असताना तुम्ही हिला जवळ घेत होता ना? काय असतं, आईची ऊब मिळाली नाही की अशी मुलं आत वळतात... त्या काळी मोठमोठी माणसं असंच समजत, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं.

परतीच्या गाडीत वर्धा जवळ आलं. तेव्हा वहिनींनी एवढंच विचारलं, "म्या माया नाही केली का हो तिच्यावर?" भोयरनं मला हे सांगितलं तेव्हा तो टपाल लावत होता. हात थांबला नाही. पण त्या दिवशी प्रथमच त्याच्या कप्प्यांतून चुकीची पत्रं निघाली, आणि मी कुणाला न दाखवता ती जागच्या जागी लावली. त्यानंतर वहिनी शालूला जवळ घेताना बिचकायला लागल्या. जणू प्रत्येक वेळी कुणी त्यांची परीक्षा घेत होतं.

याला वर्ष उलटलं असेल. एक दिवस भोयरच्या हातात एक पोस्टकार्ड आलं. वरोऱ्याहून धंतोलीतल्या एका डॉक्टरांना लिहिलेलं. ते उलटं हाताशी आलं आणि त्याची नजर 'झाकण' या शब्दावर अडली. मी शेजारीच उभा होतो. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना, भोयर पोस्टकार्ड वाचत होता! एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, पेन काढून तळहातावर पत्ता उतरवून घेतला, मग कार्ड त्याच्या कप्प्यात टाकलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्या वाचलं." कार्ड त्याला पाठ झालं होतं. कुणी ताराबाई होत्या. मुलगा पाच वर्षांचा, कुणाच्या डोळ्यांत पाहत नाही, दिवसभर झाकण फिरवतो, आपलं बोलणं आपल्यालाच ऐकवतो, नागपुरात अशा मुलांसाठी शाळा किंवा काही उपाय असेल तर कळवावं. आणि शेवटी, सासरचे म्हणतात आईची माया कमी पडली. संध्याकाळी हा सत्यवचनी माणूस साहेबांकडे गुन्हा कबूल करायला निघाला होता. मी त्याला दारातून ओढून आणला. म्हटलं, नोकरी गेली तर शालूला काय खायला घालणार आहेस? त्यानं साहेबांना सांगितलं नाही, पण ताराबाईंना लिहिलेल्या पत्राची पहिली ओळ ही होती: तुमचं कार्ड मी वाचलं, तो माझा अपराध आहे.

ताराबाई आल्या. पहाटेच्या गाडीनं, मुलाला घेऊन. अजनीजवळच्या भोयरच्या त्या दोन खोल्या, पुढे वीतभर अंगण आणि लोखंडी फाटक. दोन्ही मुलं दोन कोपऱ्यांत दोन झाकणं फिरवत बसली, एकमेकांकडे पाहिलंही नाही. बायका स्वयंपाकघरात गेल्या त्या दोन तास बाहेर आल्या नाहीत. आम्ही दोघं बाप्ये अंगणात बसून उगाच पावसापाण्याचं बोलत होतो. शेवटी वहिनी दारात आल्या, पदरानं चेहरा पुसत. "अहो, हिलेही तेच सांगतलं. आन ही तं पोराले खांद्यावरून खाली ठेवत नाही!" बस, एवढंच. त्या दिवसापासून वहिनींनी शालूला जवळ घेताना पुन्हा कधी हात आखडला नाही. कुठल्याही औषधानं झालं नव्हतं ते वरोऱ्याच्या एका बाईनं केलं, म्हणून भोयरचा तो एकमेव गुन्हा मी त्याला कधीच माफ केला होता.

जाता जाता ताराबाईंनी एक साधी गोष्ट सांगितली. "आंघोळीले चाल म्हटलं का पोरगा रडते. पण लोटा दाखोला का आपसूक येते." पुढच्या रविवारी मी गेलो तर देवदारी खोक्याच्या फळ्या, करवत, खिळे असा पसारा मांडून बसला होता. त्यानं सॉर्टिंगची मांडणी बनवली होती, घरच्या भिंतीला, शालूच्या हाताला येईल अशी. गावांऐवजी दिवसातली कामं. पहिल्या कप्प्यात लोटा, म्हणजे आंघोळ. मग कंगवा. मग वाटी. मग पाटीवरची पेन्सिल. मग कापडी पिशवी, म्हणजे बर्डीवर बाजारात जाणं, ते तिचं सगळ्यात लाडकं. शेवटचा कप्पा तेवढा त्यानं वेगळा केला होता, मांडणीला खिळ्यानं न ठोकता शेजारी दोन स्क्रूंवर भिंतीला बसवलेला. मी विचारलं, हा काहून वेगळा? तो हसला. "तो माहा हाये." पँटची मोहरी सायकलच्या चेनमध्ये जाऊ नये म्हणून घोट्याला लावतात तशा पत्र्याच्या दोन क्लिपा त्याच्याकडे होत्या. एक तो पायाला लावून जायचा, दुसरी सकाळी त्या कप्प्यात ठेवायचा. सगळे कप्पे झाले की शालू ती क्लिप घेऊन फाटकाशी उभी राहायची. सहाच्या सुमारास भोयर यायचा, पायाची क्लिप काढून तिला द्यायचा, ती दोन्ही एकमेकींत अडकवायची, टक् असा आवाज व्हायचा, आणि मग ती जेवायला बसायची. टपालाच्या गाडीवर ड्यूटी लागली आणि रात्री यायचं नसलं की तो कप्पा रिकामा. रिकामा म्हणजे आज नाही. हे शिकायला तिला वर्ष लागलं. पण शिकल्यावर ती रिकाम्या कप्प्यात एकदा हात फिरवून शांतपणे ताटावर यायला लागली. मनगट चावणं थांबलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कुणी सांगून मला पटलं नसतं.

मग महिन्याच्या दुसऱ्या रविवारी घरं जमू लागली. ताराबाईंनी कुणाला सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. हिंगण्याच्या कारखान्यातला एक फिटर, शहरातली दोन कुटुंबं, उमरेडकडचे एक शेतकरी नवरा-बायको, जे आपल्या मुलीला पदराखाली झाकून आणायचे. वहिनी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, तळायच्या, मुलं आपापल्या कोपऱ्यात, आणि आईबाप एकमेकांना विचारायचे, तुमची झोपते का? तुमचा घास गिळतो का? बाहेर कुणाजवळ न बोललेलं त्या अंगणात बोलून होई. फिटरनं प्रत्येक घरासाठी पत्र्याचे कप्पे बनवले. पुढे एका शाळेनं दुपारची रिकामी खोली दिली आणि वहिनी व आणखी एक आई तिथे सात मुलांचा वर्ग घेऊ लागल्या. वर्गाला नाव नव्हतं. पाटीवर काय लिहावं यावर एकदा चर्चा झाली, भोयरनं मुंबईची ती चिठ्ठी काढली, सगळ्यांनी पाहिली आणि पाटीचं राहून गेलं. माझं स्वतःचं मूल तसं नव्हतं, तरी मी जात असे. घरी बायको म्हणायची, तिथे तुमचं काय काम? मी सायकल बाहेर काढत असे.

या मांडणीनं एकदा दगा दिला, आणि तो भोयरच्या हातून. शालू अकरा-बारा वर्षांची असताना तिची दाढ सुजली. दवाखान्यात ती चौघांना आवरत नसे. म्हणून त्यानं एका सकाळी कप्प्यात पिशवी ठेवली. शालू आनंदानं निघाली, बर्डीच्या वळणावर रिक्षा धंतोलीकडे वळली, आणि पिशवी हातात घट्ट धरलेल्या त्या मुलीची दाढ चार माणसांनी धरून काढली. घरी आल्यावर तिनं मांडणीकडे पाठ फिरवली. दिवस, आठवडे... चार महिने तिनं एकाही कप्प्याला हात लावला नाही. आंघोळ सुटली, जेवण सुटलं, मनगटाला पुन्हा पट्ट्या आल्या. सगळ्यांनी हात टेकले. भोयर माझ्यासमोर ढसाढसा रडला, तेवढाच एकदा. "म्या जाणूनबुजून चुकीच्या कप्प्यात टाकलं गा. तिच्यासंगं कोणी बोलत नाही, हे एक फळकूट बोलत होतं, तेही म्या खोटं पाडलं." तिचा विश्वास परत यायला फार दिवस लागले. त्यानंतर डॉक्टरकडे जायचं असलं की तो कप्प्यात कापसाचा बोळा ठेवायचा. शालू तो पाहून किंचाळायची, पण यायची. चांगल्यासाठीसुद्धा तिथे खोटं ठेवायचं नाही, हा त्या घराचा नियम झाला.

आणि आता भोयर गेला होता. मी पोचलो तोवर घाटावर न्यायची तयारी झाली होती. वहिनींनी त्याच्या अंगावरच्या वस्तूंचं पुडकं माझ्या हाती दिलं, "भाऊजी, हे तुमच्यापाशी असू द्या." घड्याळ, चष्मा, एक क्लिप. घाटावरून परतलो तर सहा वाजले होते, आणि फाटकाशी शालू उभी होती. हातात दुसरी क्लिप, सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं कप्प्यात ठेवलेली. आम्ही दहा-बारा माणसं ओल्या कपड्यांनी तिच्या शेजारून आत गेलो. ती आमच्या मागे रस्त्याकडे पाहत राहिली. दिवे लागल्यावर वहिनींनी तिच्या हातातून क्लिप सोडवून घेतली आणि तिला आत आणलं.

दुसऱ्या दिवसापासून कप्पा रिकामा. शालू संध्याकाळी त्यात हात फिरवायची आणि जेवायला बसायची. येणारे-जाणारे म्हणायचे, बरं आहे, हिला काही कळत नाही. मी रोज जात होतो म्हणून मला दिसत होतं. भोयर आजवर फार तर तीन दिवस बाहेर राहिला होता. पाचव्या दिवशी तिनं दोनदा हात फिरवला. आठव्या दिवशी ती सकाळीच येऊन पाहून गेली. दहाव्या दिवशी कप्प्यापुढून हलेना. तेरवीच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, आणि ती त्या रिकाम्या लाकडात सारखा हात फिरवते आहे... मला ते बघवेना. माझ्या खिशात त्या दोन्ही क्लिपा होत्या, एक पुडक्यातली, दुसरी वहिनींनी ठेवायला दिलेली. मला वाटलं, हातात घेईल, एकमेकींत अडकवेल, टक् आवाज होईल, तेवढंच तिला समाधान. फोटोला हार घालतो तसं काहीतरी माझ्या मनात होतं. मी दोन्ही क्लिपा कप्प्यात ठेवल्या.

शालूनं त्या पाहिल्या. झडप घालून उचलल्या, आणि माणसांमधून वाट काढत धावत फाटकाशी जाऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. त्या संध्याकाळी होतं. मी काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी मला वरोऱ्याच्या पत्रावरून जो बोलला होता, त्याच्याच मुलीला मी दारात वाट पाहायला उभं केलं होतं.

वहिनी बाहेर आल्या. त्यांनी शालूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वहिनी, मी ठेवल्या. चुकलो." त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "तुमी एक दिवस चुकले, भाऊजी. म्या तेरा दिवस तेच करून राहिली. रिकामा म्हणजे आज नाही. म्हणजे उद्या येतीन. रोज म्या तिले उद्या, उद्या सांगून राहिली." मग आत जाऊन त्यांनी शिवणाच्या डब्यातून एक स्क्रू-ड्रायव्हर आणला. "ह्यायनं सांगून ठेवलं होतं मले. मी गेलो तं तो कप्पा रिकामा नको ठेवू, काढून टाक. माहा हातच होत नव्हता." आमच्याकडे एखाद्या गावचं ऑफिस बंद झालं की त्या कप्प्याचं लेबल त्याच दिवशी काढतात. ठेवलं तर सवयीनं हात तिकडे जातो. त्या दोन स्क्रूंचा अर्थ मला इतक्या वर्षांनी लागला.

वहिनींनी शालूला हाताला धरून भिंतीपाशी आणलं. एक स्क्रू त्यांनी काढला. दुसरा गंजला होता, तो मी काढला. कप्पा भिंतीपासून सुटला. मागे हाताएवढा पांढरा चौकोन उरला, बाकीच्या भिंतीहून उजळ. वहिनींनी शालूच्या मुठीतल्या क्लिपा त्या सुटलेल्या कप्प्यात ठेवल्या आणि तिच्या देखत तो देवाच्या कोनाड्यात नेऊन ठेवला. शालूनं त्या चौकोनावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग तिनं जे रडणं काढलं ते मी तिचं कधी ऐकलं नव्हतं. ती अंग आपटत नव्हती, मनगट चावत नव्हती, वहिनींच्या खांद्यावर डोकं ठेवून नुसती रडत होती.

तरी माझा जीव टांगणीला होता. दाढेच्या वेळचे चार महिने मी विसरलो नव्हतो. आज मी मांडणी पुन्हा खोटी पाडली होती, आणि आता तिला सावरायला भोयर नव्हता. शालूचं बोलणं पुन्हा तुटलं असतं तर ते माझ्यामुळे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी तिथे होतो. वहिनींनी पहिल्या कप्प्यात लोटा ठेवला आणि आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात चोरासारखे उभे राहिलो. शालू उठून आली. आधी पांढऱ्या चौकोनापाशी गेली, त्यावर हात ठेवला. मग मांडणीपुढे येऊन उभी राहिली. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग तिनं लोटा उचलला आणि आंघोळीला गेली. वहिनी भोयर गेल्यापासून रडल्या नव्हत्या. त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि रडल्या, आणि मीही.

याला आता दीड महिना झाला. दुसऱ्या रविवारी माणसं जमली होती, ताराबाई आल्या होत्या, त्यांचा मुलगा आता त्यांच्याहून उंच झाला आहे. भिंतीला चुना द्यायचा विषय निघाला, वहिनींनी नको म्हटलं. संध्याकाळी सहाला शालू त्या चौकोनावर हात ठेवते आणि मग ताटावर बसते. मी ड्यूटी संपवून रोज त्याच सुमारास जातो, वहिनींना काही हवं-नको विचारायला. भोयरसारखीच माझीही सायकल आहे, पायाला तशीच क्लिप. वळणावरच्या किराणा दुकानापाशी मी उतरतो, वाकून पायाची क्लिप काढतो, खिशात घालतो आणि मग सायकल हातात धरून चालत त्यांच्या फाटकाशी जातो.